ज्ञानकोशातील नोंदीचा अधिकार : जपानविषयक विषयनिवडीची चिकित्सा

कोणताही ज्ञानकोश हा प्रथमतः निवडीचा ग्रंथ असतो. त्यात काय लिहिले आहे याची चर्चा विद्वान करतात; परंतु कोणत्या विषयाला मुळात नोंद मिळाली आणि कोणता विषय दाराबाहेर राहिला, याची चिकित्सा क्वचितच होते. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या प्रस्तावनाखंडांपैकी एकाला ‘बुद्धपूर्व जग’ आणि त्यापुढील खंडाला ‘बुद्धोत्तर जग’ असे नाव दिले. या दोन नावांतच इतिहासाकडे पाहण्याची एक दृष्टी व्यक्त झाली होती. जपानमध्ये शिक्षणखात्याने १८७९ साली ‘कोजी रुइएन’ या महाकोशाचे काम हाती घेतले व ते १९१४ मध्ये सिद्धीस गेले. एक सहस्र भागांच्या आणि तीस विभागांच्या या कोशात मेइजी काळापूर्वीच्या ग्रंथांतील उतारेच तेवढे विषयवार लावलेले आहेत. संपादकांनी स्वतःचे मत फारसे मांडले नाही. तथापि कोणता उतारा घ्यावयाचा हे ठरविताना त्यांनी निवड केलीच.

छापील कोशाला कागदाची, पैशाची आणि संपादकांच्या आयुष्याची मर्यादा असते. २००१ साली संगणकाच्या महाजालावर ‘विकिपीडिया’ हा मुक्त ज्ञानकोश सुरू झाला आणि त्यातील पहिल्या दोन मर्यादा जवळजवळ संपुष्टात आल्या. त्याच्या केवळ जपानी आवृत्तीतच आज चौदा लाखांहून अधिक लेख आहेत. जागा अमर्याद झाली म्हणजे निवडीचा प्रश्न सुटला, असे वरकरणी वाटते. वस्तुतः तो अधिक बिकट झाला आहे. कारण पूर्वी एक संपादकमंडळ जे ठरवीत असे, ते आता परस्परांना अपरिचित अशा अनेकांच्या चर्चेतून ठरते. जपानविषयक विषयांच्या, विशेषतः तेथील बौद्ध परंपरेशी निगडित विषयांच्या संदर्भात ही निवड कोणत्या निकषाने होते व तो निकष कोठे तोकडा पडतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. निकष आणि त्याचे समर्थन

या कोशाचा मुख्य निकष ‘उल्लेखनीयता’ या नावाने ओळखला जातो. त्याचा आशय असा : ज्या विषयावर, त्या विषयापासून स्वतंत्र असलेल्या विश्वसनीय साधनांमध्ये पुरेसे विस्तृत लेखन झालेले आहे, तो विषय स्वतंत्र लेखास पात्र समजावा. जपानी आवृत्तीत यासाठी ‘तोकुहित्सुसेइ’, म्हणजे विशेषत्वाने लिहिण्याजोगे असणे, हा शब्द रूढ आहे. येथे एक भेद प्रारंभीच लक्षात घेतला पाहिजे. हा निकष विषयाची थोरवी मोजत नाही. विषयाविषयी इतरांनी काय लिहून ठेवले आहे, एवढेच तो मोजतो.

या निकषाची निष्कारण टवाळी करणे आम्हास मान्य नाही. तो नसता तर काय झाले असते, याचे उत्तम उदाहरण जपानशीच संबंधित आहे. ‘पोकेमॉन’ या जपानी खेळातील काल्पनिक प्राण्यांपैकी प्रत्येकावर इंग्रजी आवृत्तीत एकेकाळी स्वतंत्र लेख होते. त्यामुळे कोणताही क्षुल्लक विषय वगळण्याची सूचना निघाली की, अमुक पोकेमॉनला लेख आहे मग यालाच का नको, असा युक्तिवाद होत असे. त्या युक्तिवादाला ‘पोकेमॉन कसोटी’ असे नावच पडले. पुढे २००७ च्या सुमारास पिकाचूसारखे मोजके अपवाद वगळता हे शेकडो लेख एकत्रित सूच्यांमध्ये विलीन करण्यात आले. एकाला स्थान मिळाले म्हणून दुसऱ्याला मिळालेच पाहिजे, ही तर्कपद्धती त्यामुळे मागे पडली. आमच्या मते हे योग्यच झाले. स्वतंत्र साधनांची अट काढून टाकली तर प्रत्येक संस्था आपली माहितीपुस्तिका आणि प्रत्येक पंथ आपली स्तुतिगाथा ज्ञानकोश म्हणून पुढे करील.

तेव्हा प्रश्न निकष असावा की नसावा, हा नाही. तो एकाच ठशाने सर्वत्र लावता येतो काय, हा आहे. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात प्रश्नांची उत्तरे देण्याचे चार प्रकार सांगितले आहेत. काही प्रश्न सरळ होकार-नकाराने उत्तरण्याजोगे (एकंसब्याकरणीय), काही विभाग पाडून उत्तरण्याजोगे (विभज्जब्याकरणीय), काही प्रतिप्रश्न करून उत्तरण्याजोगे (पटिपुच्छाब्याकरणीय), तर काही बाजूला ठेवण्याजोगे (ठपनीय) असतात. अमुक विषयाला लेख मिळावा काय, या प्रश्नाचेही असेच चार प्रकार पडतात, असे आमचे प्रतिपादन आहे.

२. सरळ उत्तराचे विषय

पहिल्या प्रकारावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. नारा परिसरातील होर्युजी हा प्राचीन विहार, शिंगोन परंपरेचे संस्थापक कूकाइ, अथवा १९२४ ते १९३४ या काळात ताकाकुसु जुंजिरो व वातानाबे काइक्योकु यांच्या संपादनाखाली शंभर खंडांत निघालेला ‘ताइशो त्रिपिटक’ यांच्या पात्रतेविषयी कोणी शंका घेणार नाही. ज्या वास्तूंना शासनाने राष्ट्रीय पातळीवर वारसा म्हणून संरक्षण दिले आहे आणि ज्यांच्याविषयी कोरड्या आकडेवारीपलीकडे काही माहिती उपलब्ध आहे, त्या पात्र मानाव्यात, असा इंग्रजी आवृत्तीचा संकेत आहे. जपानबाबत तो सोयीचा ठरतो. २६ जानेवारी १९४९ रोजी होर्युजीच्या सुवर्णमंडपास आग लागून तेथील प्राचीन भित्तिचित्रांची हानी झाली. त्या आघातानंतर १९५० मध्ये सांस्कृतिक संपत्ती संरक्षणाचा कायदा झाला आणि राष्ट्रीय ठेवा ठरविण्याची आजची पद्धत त्यातून सिद्ध झाली. शासनाने पारखून तयार केलेली सूची हाताशी असल्याने कोशकाराचे काम येथे सुकर होते.

मात्र शासकीय सूची ही पुरेशी अट आहे, आवश्यक अट नव्हे. क्योतो येथील किंकाकुजीचा सुवर्णाच्छादित मंडप १९५० साली एका तरुण भिक्षूने लावलेल्या आगीत भस्मसात झाला. १९५५ मध्ये तो पुन्हा उभारण्यात आला. आजची ही वास्तू राष्ट्रीय ठेव्यांच्या यादीत नाही. परंतु म्हणून तिच्यावर लेख नसावा, असे कोण म्हणेल?

३. विभाग पाडून उत्तर देण्याचे विषय

जपानमध्ये सुमारे ७७,००० बौद्ध मंदिरे आहेत. ती सर्व लेखास पात्र आहेत काय, या प्रश्नाला ‘होय’ हे उत्तर जितके चुकीचे, तितकेच ‘नाही’ हेही चुकीचे. एखाद्या पंथाचे प्रमुख पीठ, महत्त्वाची मूर्ती जतन केलेले ग्रामीण मंदिर, केवळ कौटुंबिक अंत्यविधींपुरते चालणारे मंदिर आणि आता नष्ट झालेले मंदिर हे चार निराळे विषय आहेत.

यांपैकी शेवटचा वर्ग आम्हास विशेष विचारणीय वाटतो. १८६८ मध्ये नव्या मेइजी शासनाने शिंतो देवता आणि बुद्धोपासना यांना परस्परांपासून विलग करण्याचे आदेश काढले आणि त्यापाठोपाठ ‘हाइबुत्सु किशाकु’ या नावाने ओळखला जाणारा बौद्धविरोधी विध्वंस झाला. मूर्ती फोडल्या गेल्या, ग्रंथ जाळले गेले, भिक्षूंना चीवर सोडावे लागले. सत्सुमा संस्थानात तर सर्वच मंदिरे बंद करण्यात आली. मंदिरासोबत त्याचे दप्तरही गेले. ज्याचे दप्तर जळाले त्याच्यावर ‘विस्तृत लेखन’ कोठून मिळणार? येथे उल्लेखनीयतेचा निकष नकळत विध्वंस करणाऱ्याच्या बाजूने झुकतो. तरीही प्रत्येक नष्ट मंदिरावर दोन ओळींचा लेख लिहावा, असे आम्ही म्हणणार नाही. त्या प्रांतातील विध्वंसावर एक सविस्तर लेख असावा आणि ज्या मंदिरांची निदान नावे व स्थळे ज्ञात आहेत, त्यांची नोंद त्यात यावी. स्वतंत्र लेख नाकारणे म्हणजे स्मृती नाकारणे नव्हे. मात्र पर्यायी जागा दिल्याविना नाकारणे हे स्मृती नाकारण्यासारखेच आहे.

हीच पद्धत अन्यत्रही उपयोगी पडते. जपानमध्ये १९९९ साली ३,२३२ नगरे, गावे व खेडी स्वतंत्र स्थानिक संस्था म्हणून अस्तित्वात होती. विलीनीकरणानंतर ही संख्या सुमारे १,७०० वर आली. विलीन झालेल्या गावाचे लेख ठेवावेत की नाही, या शंकेचे उत्तर असे की एकदा प्राप्त झालेली उल्लेखनीयता काळाबरोबर संपत नाही. अनित्य असलेल्या गोष्टींचीच तर नोंद ठेवावयाची असते.

४. प्रतिप्रश्नाची आवश्यकता

या लेखाचा गाभा तिसऱ्या प्रकारात आहे. साधने आहेत काय, असे विचारताच आपण उलट विचारले पाहिजे : ती कोणत्या भाषेत शोधली, कोणी लिहिली आणि कोणाविषयी लिहिण्याचे टाळले?

प्रथम भाषेचा प्रश्न. साधने इंग्रजीतच असावीत, महाजालावरच असावीत असा नियम नाही. ती लेखात दिलेली नसली तरी अस्तित्वात असणे पुरेसे मानले जाते. नियम असा उदार असूनही, वगळण्याची चर्चा इंग्रजी आवृत्तीत साधारणतः सात दिवस चालते. त्या अवधीत जपानी लिपी न जाणणारा सदस्य रोमन अक्षरांत नाव शोधतो, काही सापडले नाही असे लिहितो आणि मोकळा होतो. जपानमध्ये असंख्य नगरांनी व गावांनी आपापले इतिहासग्रंथ सिद्ध केले आहेत. हेइबोन्शा प्रकाशनाचा स्थलनामांचा पन्नास खंडांचा संग्रह आहे. ही साधने न उघडता दिलेला निर्णय हा विषयाच्या अपात्रतेचा पुरावा नसून शोधणाऱ्याच्या अपुरेपणाचा पुरावा होय.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. उचियामा गुदो हे सोतो झेन पंथाचे भिक्षू हाकोने येथील एका लहान मंदिरात राहत. भूमिहीन शेतकऱ्यांच्या दैन्याने व्यथित होऊन त्यांनी मंदिरातच गुप्तपणे छपाई करून सम्राटसत्तेवर टीका करणारी पत्रके काढली. ‘राजद्रोह प्रकरणा’त त्यांना गोवण्यात आले आणि २४ जानेवारी १९११ रोजी फाशी देण्यात आली. त्यांच्या पंथाने त्यापूर्वीच, १९१० मध्ये, त्यांचे भिक्षुपद काढून घेतले होते. ते पद पंथाने १९९३ साली त्यांना परत बहाल केले. त्याच प्रकरणातील ताकागी केनम्यो हे जोदो शिन्शू परंपरेच्या ओतानी शाखेचे पुरोहित. शिंगू येथील त्यांच्या मंदिराच्या अनुयायांत बहिष्कृत बुराकु समाजाचे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांची फाशी जन्मठेपेत बदलली. १९१४ मध्ये त्यांनी तुरुंगात आत्महत्या केली. त्यांच्या शाखेने १९९६ मध्ये त्यांना पुन्हा प्रतिष्ठा दिली.

आता कल्पना करावी की एखादा कोशकार १९१२ साली उल्लेखनीयतेचा निकष घेऊन बसला आहे. या दोघांविषयी त्याला लेखन मिळाले असते. पण ते न्यायालयाचे आणि तत्कालीन वृत्तपत्रांचे. त्यात ते केवळ राजद्रोही असते. पंथाच्या दप्तरात ते अस्तित्वातच नसते. म्हणजे निकष पूर्ण होऊनही ज्ञान मिळाले नसते. विषयाला लेख मिळणे आणि विषयाला न्याय मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. महापरिनिब्बानसुत्तातील चार महापदेसांची शिकवण येथे स्मरणीय आहे : वचन कोणाच्या मुखातून आले यावरून ते स्वीकारू नये आणि धिक्कारूही नये, ते पडताळून पाहावे.

तिसरे उदाहरण बुराकु समाजाचेच आहे. चर्मोद्योग, पशुहत्या, मृतांची विल्हेवाट अशा कामांशी जखडून या समाजाला पिढ्यानपिढ्या अस्पृश्यवत् ठेवण्यात आले. १८७१ च्या आज्ञापत्राने त्यांचा हीन दर्जा कायद्याने रद्द झाला. समाजव्यवहारात तो टिकला. महाडच्या सत्याग्रहाच्या पाच वर्षे आधी, ३ मार्च १९२२ रोजी, क्योतो येथे या समाजाने ‘सुइहेइशा’, म्हणजे सर्वांना समान पातळीवर आणणारी संघटना, स्थापन केली. तिच्या जाहीरनाम्याचे प्रमुख शिल्पकार साइको मांकिची यांचा जन्म नारा प्रांतातील एका शिन्शू मंदिरात झाला होता. या संघटनेची कागदपत्रे २०१६ साली युनेस्कोच्या आशिया-प्रशांत प्रादेशिक स्मृतिसूचीत समाविष्ट झाली. तिच्या पात्रतेबद्दल आज वाद संभवत नाही.

परंतु त्याच समाजाशी निगडित दुसरा एक विषय पाहा. जपानमध्ये मृत व्यक्तीला मंदिराकडून ‘काइम्यो’ हे धर्मनाम दिले जाते. बुराकु कुटुंबातील मृतांना अनेक मंदिरांनी ‘पशू’, ‘नीच’, ‘चामडे’ अशा अर्थांची अक्षरे घालून नावे दिली आणि ती थडग्यांवर कोरली. हे दीर्घकाळ कोणत्याही पंथाच्या ग्रंथात अभ्यासविषय म्हणून आले नाही. अमेरिकेत १९७९ साली भरलेल्या जागतिक धर्म व शांतता परिषदेत सोतो पंथाच्या तत्कालीन प्रशासकीय प्रमुखांनी, जपानमध्ये असा भेदभाव अस्तित्वात नाही, असे विधान केले. त्यावर प्रखर आक्षेप घेतले गेले, पंथाला आत्मपरीक्षण करावे लागले, दप्तरे व थडगी तपासली गेली, आणि १९८४ च्या परिषदेत ते विधान मागे घेण्यात आले. त्यानंतर या विषयावर विपुल लेखन झाले.

तात्पर्य, १९७८ मध्ये कोशकाराने ‘साधने अपुरी’ असा शेरा मारला असता तर तो नियमाला धरूनच ठरला असता. विषय मात्र दगडावर कोरलेला होता. साधनांचे मौन नेहमी विषयाच्या क्षुद्रतेचे द्योतक नसते. पुष्कळदा ते ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्या सोयीचे असते. याचा अर्थ कोशकाराने स्वतः संशोधक बनून अप्रकाशित गोष्टी छापाव्यात असा नाही. त्याने आपल्या नकाराचे शब्द नेमके वापरावेत, एवढाच आहे. ‘हा विषय अपात्र आहे’ असे न म्हणता ‘यावर अद्याप लिहिले गेलेले नाही’ असे म्हणावे. पहिले वाक्य दार बंद करते. दुसरे वाक्य अभ्यासकाला काम देते.

५. बाजूला ठेवण्याचे विषय

चौथा प्रकार असा की, साधने आहेत, मजकूर पडताळता येतो, तरीही नोंद करू नये. १९७५ साली असे उघडकीस आले की, बुराकु वस्त्यांची नावे व ठिकाणे देणारी पुस्तके गुप्तपणे विकली जात होती आणि अनेक मोठ्या कंपन्या ती नोकरीसाठी आलेल्या उमेदवारांचे मूळ शोधण्यासाठी विकत घेत होत्या. या वस्त्यांची माहिती १९३६ च्या एका जुन्या पाहणी-अहवालात आहे. तो अहवाल पुन्हा छापण्याचा व महाजालावर टाकण्याचा प्रयत्न २०१६ मध्ये झाला, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले. तोक्यो जिल्हा न्यायालयाने २०२१ मध्ये प्रकाशनाविरुद्ध निर्णय दिला आणि उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये भेदभावाला बळी न पडता जगण्याचे हित संरक्षणीय असल्याचे मान्य केले.

या पुस्तकांच्या प्रकरणावर लेख अवश्य असावा. त्यातील यादी मात्र नसावी. घटनेचे ज्ञान समाजाला सावध करते, यादीचे ज्ञान शेजाऱ्याच्या हाती शस्त्र देते. केवळ ‘पडताळता येते’ हा निकष येथे आंधळा आहे. सम्यक् वाचेचा विचार करताना वचन सत्य आहे काय, एवढेच पाहून भागत नाही. ते हितकर आहे काय, हेही पाहावे लागते.

६. मराठी कोशकाराचे कर्तव्य

मराठी विकिपीडिया २००३ सालापासून चालू आहे. त्यात जपानविषयक लेख लिहिताना इंग्रजी लेखांचा अनुवाद करण्याकडे स्वाभाविक कल असतो. अनुवाद निषिद्ध नाही. पण अनुवादाबरोबर इंग्रजीची निवडही आपल्या घरात येते, याचे भान ठेवले पाहिजे. इंग्रजी वाचकाच्या दृष्टीने जे परिघावर आहे, ते मराठी वाचकाच्या दृष्टीने केंद्रस्थानी असू शकते.

चित्रकार आराइ कांपो यांचे उदाहरण घ्यावे. त्यांनी १९१७-१८ च्या सुमारास अजिंठ्यात राहून तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. तोक्योमध्ये ठेवलेल्या प्रतिकृती १९२३ च्या महाभूकंपानंतरच्या आगीत नष्ट झाल्या. पुढे १९४० पासून याच चित्रकाराने होर्युजीच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृतींवर काम केले, आणि ती मूळ चित्रेही १९४९ मध्ये आगीत सापडली. अजिंठा आणि होर्युजी यांना जोडणाऱ्या या हातावर मराठीत सविस्तर लेख नसावा, हे आपणास शोभणारे नाही.

तद्वतच भदंत सुरई ससाई यांचे नाव घेता येईल. जन्माने जपानी असलेल्या या भिक्खूंचे कार्यक्षेत्र नागपूर होय, आणि १९९२ पासूनच्या बोधगया महाविहार मुक्ती आंदोलनाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यांच्याविषयीचे सविस्तर लेखन तोक्योच्या वा लंडनच्या वृत्तपत्रांत शोधण्यापूर्वी ते नागपूरच्या मराठी व हिंदी वृत्तपत्रांत, विहारांच्या ग्रंथालयांतील जुन्या अंकांत शोधले पाहिजे. जपानविषयक विषयाची साधने मराठीत असू शकतात, ही गोष्ट इतर भाषांच्या कोशकारांना ठाऊक असण्याचे कारण नाही. ती सांगण्याचे दायित्व आपले आहे. त्यासाठी जुने अंक जपणे, त्यांच्या विषयसूच्या करणे आणि त्यातील मजकूर तारीखवार उपलब्ध करून देणे हे काम प्रथम व्हावयास हवे. ज्यांचे दप्तर नीट राहते त्यांचीच नोंद होते, हा या साऱ्या विवेचनाचा व्यावहारिक धडा होय.

सारांश, जपानविषयक कोणता विषय लेखास पात्र आहे हे ठरविताना आम्ही चार गोष्टी सुचवितो. जेथे साधने स्पष्ट आहेत तेथे वाद न घालता लिहावे. जेथे विषयांचा समूह आहे तेथे वर्गीकरण करून, स्वतंत्र लेख नसला तरी व्यापक लेखात जागा द्यावी. जेथे साधने दिसत नाहीत तेथे भाषा, लेखक आणि त्यांचे हितसंबंध यांविषयी प्रतिप्रश्न करावा व मगच नकार लिहावा. आणि जेथे नोंदीने जिवंत माणसाच्या माथी जुना कलंक पुन्हा लागणार आहे, तेथे लेखणी खाली ठेवावी. उल्लेखनीयतेचा निकष टाकून देण्याची गरज नाही. तो वापरणाऱ्याने विभज्जवादी असण्याची गरज आहे. अभ्यासकांनी या सूचनांचा साधकबाधक विचार करावा, अशी आमची अपेक्षा आहे.